शारदेची पत्रे आणि रोमचे पत्र

संततिनियमनाचा विषय आमच्या समाजाच्या नियतकालिकांत सहसा दोन निमित्तांनी येतो. एक तर ‘हुमाने वीते’ या परिपत्राचा वर्धापनदिन असतो, नाहीतर सरकारने लोकसंख्येविषयी काही नवी घोषणा केलेली असते. दोन्ही प्रसंगी लेखणी हाती घेणारे बहुधा आमच्यासारखे झगेवाले असतात. आणि ज्यांच्या देहाविषयी हे सारे लिहिले जाते त्या स्त्रिया अंकाची घडी करून तो फळीवर ठेवून देतात.

बोलते कोण आणि कोणाच्या वतीने, हा साधा प्रश्न कोणत्याही मजकुराला विचारावा, अशी सवय स्त्रीवादी समीक्षेने साहित्याच्या अभ्यासकांना लावली. तो प्रश्न मनाशी धरून आम्ही अलीकडे दोन जुन्या लेखनांचे वाचन केले. एक र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक आणि दुसरे पोप सहावे पॉल यांचे २५ जुलै १९६८ या तारखेचे परिपत्र. एकाचा कर्ता कडवा बुद्धिवादी, दुसऱ्याचा ख्रिस्तसभेचा प्रमुख. एकाने जे साधन खुले केले तेच दुसऱ्याने निषिद्ध ठरवले. या दोघांना एका लेखात बसवणे काही वाचकांना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचावीत असे आमचे मत झाले आहे.

कर्व्यांपासून आरंभ करू. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आले. १९२५ मध्ये मिशनरी मंडळींनी चालवलेल्या विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी या कार्यापायी सुटली. जुलै १९२७ मध्ये निघालेले ‘समाजस्वास्थ्य’ १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. अश्लीलतेच्या आरोपावरून तीन वेळा खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. ही हकिगत आता नाटक-चित्रपटांमुळे पुष्कळांना ठाऊक झाली आहे. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहून आमच्या काही तरुण वाचकांनी कर्व्यांचे नाव प्रथम ऐकले असेल.

परंतु कर्व्यांचे गद्य वाचणारे अजूनही थोडेच. ते वाचावे. गणिताच्या माणसाने लिहावे तसे ते आहे : छोटी वाक्ये, अलंकार नाही, आडपडदा नाही, आणि पुढचे पाऊल मागच्या पावलावरून सिद्ध झाल्याखेरीज टाकलेले नाही. आमच्या भाषेत देहाच्या अवयवांना एक तर शिवीचे शब्द आहेत नाहीतर संस्कृतचे सोवळे नेसवलेले शब्द आहेत. कर्व्यांनी तिसरा, केवळ माहितीचा असा शब्द शोधण्याचा प्रयत्न केला. मराठी गद्याची ही सेवा आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी पुरेशी नोंदवलेली नाही. त्या काळी ना. सी. फडके यांच्यासारख्या लेखकांनी या विषयाला सुप्रजननाची, म्हणजे ‘चांगली’ संतती कोणाला व्हावी या विचाराची जोड दिली होती. कर्व्यांचा भर मात्र मातृत्व स्त्रीवर लादलेले नसावे आणि कामसुखाच्या बाबतीत तिचा हक्क पुरुषाइतकाच मानला जावा, यावर राहिला. त्यांच्या निष्कर्षांशी, विशेषतः विवाहसंस्थेविषयीच्या त्यांच्या मतांशी, आमचा मुळातून मतभेद आहे. परंतु स्त्रीच्या वेदनेविषयीची त्यांची कळकळ खोटी होती असे म्हणण्याचे धाडस त्यांचे लेखन वाचलेला मनुष्य करणार नाही.

आता ‘शारदेची पत्रे’. ‘समाजस्वास्थ्या’तले हे सदर शारदा नावाच्या बाईच्या नावाने येई आणि लिहीत स्वतः कर्वे. पुरुषाने स्त्रीचा कंठ उसना घेणे आपल्या परंपरेला नवे नाही. ज्ञानदेवांच्या विराण्या आहेत, संतांच्या गौळणी आहेत. तेथे भक्त देवापुढे स्त्री होतो, कारण त्याला आर्जव करायचे असते. शारदेला आर्जव करायचे नाही, तिला वाद घालायचा आहे. आम्ही वाचलेल्या पत्रांतील शारदा बातम्यांचा समाचार घेते, सनातन्यांना टोमणे मारते, तर्काची चूक दाखवते, आणि हे सर्व ती फार छान करते. मात्र तिची कंबर कधी दुखत नाही. पाळी चुकल्याच्या दिवसांतली ती धाकधूक तिला ठाऊक नाही. ती कर्व्यांचीच बुद्धी आहे, लुगडे नेसलेली. ज्या काळात कुलीन स्त्रीने या विषयावर स्वतःच्या नावाने लिहिणे जवळजवळ अशक्य होते, त्या काळात कर्व्यांनी ती जागा निदान रिकामी तरी ठेवली नाही, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण अपत्य होऊ न देण्याचा निर्णय या दांपत्याने घेतला तेव्हा मालतीबाईंच्या मनात काय होते, हे मालतीबाईंच्या शब्दांत वाचायला मिळते तर शारदेची सगळी पत्रे आम्ही त्यापुढे बाजूला ठेवली असती. पुढे शकुंतला परांजपे यांनी पुण्यात हे काम हाती घेतले आणि विधान परिषद व राज्यसभेपर्यंत विषय नेला, तेव्हा कोठे या चळवळीला बाईचा स्वतःचा आवाज लाभला.

रोमच्या पत्राकडे वळण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या धर्मग्रामांतून ती फारशी सांगितली जात नाही. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी एक लहान आयोग नेमला. सहाव्या पॉल यांनी तो वाढवला आणि त्यात विवाहित दांपत्येही घेतली. दरम्यान १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले की, अपत्ये किती असावीत याचा अंतिम निर्णय देवासमोर आईबापांनीच करायचा आहे. साधनांचा प्रश्न मात्र परिषदेने आयोगाकडे सोपवला. आयोगाच्या कामात पुढे जे बिशप व कार्डिनल नेमले गेले त्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस होते. त्या काळी वसईची धर्मग्रामे मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. तेव्हा हा प्रश्न काही केवळ युरोपचा नव्हता.

या आयोगातील शिकागोच्या पॅटी क्राउली आणि त्यांचे पती पॅट्रिक यांची गोष्ट आम्हांला साहित्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती कुटुंब चळवळीच्या या कार्यकर्त्यांनी अनेक देशांतील विवाहित कॅथॉलिकांकडून पत्रे आणि उत्तरे मागवली. ही मंडळी श्रद्धावंत होती, दिनदर्शिका पाहून ‘सुरक्षित काळ’ पाळणारी होती. त्यांनी आपल्या संसारातील ताण, भीती, पतिपत्नींत आलेले अंतर, हिशेब चुकून राहिलेली गरोदरपणे असे सारे लिहून कळवले, आणि ही पत्रे रोममध्ये आयोगापुढे ठेवण्यात आली. आमच्या मते या विषयावरचे विसाव्या शतकातील खरे वाङ्मय ते आहे. कॅथॉलिक स्त्रीने स्वतःच्या शय्यागृहाविषयी ख्रिस्तसभेला स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे, हे त्यापूर्वी क्वचितच घडले असेल. आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांनी शिकवणीत बदल शक्य असल्याचे मत दिले. पोप महाशयांनी ते स्वीकारले नाही. तो त्यांचा अधिकार होता, आणि तो त्यांनी सहज वापरला नाही हे परिपत्राच्या प्रत्येक ओळीत जाणवते.

परिपत्राचे एकूण ३१ परिच्छेद आहेत. शेवटच्या भागात पोप महाशय एकेका वर्गाला उद्देशून बोलतात : राज्यकर्ते, शास्त्रज्ञ, ख्रिस्ती दांपत्ये, डॉक्टर व परिचारिका, धर्मगुरू, बिशप. वाचकाने ही यादी सावकाश वाचावी. स्त्रियांसाठी वेगळा परिच्छेद नाही. दांपत्य या शब्दात ती आली, असे आमचे धर्मशास्त्री सांगतील. व्याकरणाने ते खरे आहे. पण गर्भ दांपत्याच्या पोटात राहत नाही.

तरीसुद्धा हे पत्र स्त्रीविरोधी आहे असा जो सरसकट निवाडा दिला जातो तो आम्हांला मान्य नाही, आणि न मानण्याचे कारण खुद्द पत्रात आहे. तेराव्या परिच्छेदात म्हटले आहे की, जोडीदाराची स्थिती आणि तिची रास्त इच्छा ध्यानात न घेता लादलेला समागम हे प्रेमाचे कृत्यच नव्हे, ते नीतीच्या विरुद्ध आहे. हे १९६८ साली लिहिले गेले. आपल्या देशाच्या कायद्याने अजून इतके म्हटलेले नाही; २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही प्रौढ पत्नीवर पतीने केलेली बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. सतराव्या परिच्छेदात दोन इशारे आहेत. या साधनांची सवय झालेला पुरुष स्त्रीला केवळ उपभोगाचे साधन मानू लागेल, आणि सत्ताधारी ही साधने प्रजेवर लादू लागतील. पंधराव्यात सांगितले आहे की, आजारावरील खऱ्या उपचारामुळे संततिक्षमतेला अडथळा येत असला तरी, तो हेतू नसेल तर, उपचार निषिद्ध नाही. अतिरक्तस्रावाने खंगलेली एखादी बाई डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पापाच्या भीतीने घेत नसेल, तर तिला हा परिच्छेद समजावून सांगणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. आणि मधला चौदावा परिच्छेद निषेधाचा. व्यासपीठावरून आमच्या लोकांनी तीस-चाळीस वर्षे काय ऐकले? चौदावा. तेरावा आम्ही एकाही उपदेशात ऐकलेला नाही. एका पत्राचे चार परिच्छेद ज्यांनी सलग वाचायचे त्यांनी त्यांतला एकच वाचला, तर पत्र वाचले असे होत नाही.

सतराव्या परिच्छेदातील दुसऱ्या इशाऱ्याचे भाष्य भारतानेच लिहिले. १९५२ मध्ये शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू करणारा आपला देश जगात पहिला. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आणि पुष्कळशा धाकाने. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. या प्रकाराने सरकार पडले, आणि पुरुषाच्या अंगाला हात लावणे राजकीयदृष्ट्या धोक्याचे आहे हा धडा सर्व पक्षांनी घेतला. मग ओझे कोणाकडे गेले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली दिसते. पतीची शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एका शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या, आणि त्यांतल्या १३ दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. सरकारी दप्तरात या बायांसाठी जो शब्द होता तो ‘केस’. कार्यकर्तीला वर्षाकाठी अमुक केसेस ‘आणाव्या’ लागत, आणि १९९६ मध्ये लक्ष्यांची पद्धत कागदोपत्री रद्द झाली तरी बोलीतून तो शब्द गेला नाही.

या ठिकाणी आमच्या काही धर्मबंधूंची एक लकब नोंदवली पाहिजे. स्त्रीवादी संघटनांनी १९८६ मध्ये ‘नेट-एन’ या संततिप्रतिबंधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, कारण आंध्र प्रदेशातील पतनचेरू येथे बायांना नीट माहिती न देता त्याची चाचणी चालली होती. हे उदाहरण आमच्याकडे मोठ्या आवडीने दिले जाते : पाहा, स्त्रीवादीसुद्धा साधनांच्या विरुद्ध आहेत! हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य सांगणाऱ्याला ते अर्धे आहे हे बहुधा ठाऊक असते. त्या स्त्रियांची मागणी साधने नकोत अशी नव्हती. औषधाचे दुष्परिणाम आधी सांगा, त्रास झाला तर दवाखान्यात पुन्हा पाहा, हवे तेव्हा थांबवता येईल अशी साधने द्या, पुरुषांनाही जबाबदार धरा, आणि बाईने होकार दिला की नाही हे तिलाच विचारा, अशी ती मागणी होती. आपल्याला सोयीची साक्ष तेवढी घेऊन साक्षीदाराला घरी पाठवणे न्यायाच्या कोणत्याच दरबारात चालत नाही.

परिपत्राचे खरे दुबळे स्थान आम्हांला सोळाव्या परिच्छेदात दिसते. तेथे नैसर्गिक काळ पाळून संयम करण्याची मुभा आहे. पद्धत वाईट नाही. ती नीट शिकवली तर स्त्रीला स्वतःच्या देहाचे जे ज्ञान होते ते गोळी किंवा तांबी देत नाही, आणि पश्चिमेकडील स्त्रीवादी आरोग्य-कार्यकर्त्यांनीही हे ज्ञान आपल्या पुस्तिकांतून वाटले. पण या परिच्छेदात दोन समान शक्तीची माणसे गृहीत धरली आहेत, एकमेकांना विचारणारी आणि एकमेकांचे ऐकणारी. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यास मार्गारेट सँगर महात्मा गांधींना भेटल्या तेव्हा गांधीजींनीही संयमाचाच मार्ग सांगितला. स्त्रीने पतीला नकार द्यायला शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते. नकार देणाऱ्या बाईला त्या रात्री झोपायला दुसरे घर असते का, हा प्रश्न वर्ध्यातही सुटला नाही आणि रोममध्येही नाही. संध्याकाळी गुत्त्यावरून परतणाऱ्या नवऱ्यापुढे तक्ता आणि तापमापक घेऊन बसलेली पत्नी ज्यांना डोळ्यांपुढे आणता येते, त्यांची कल्पनाशक्ती आमच्यापेक्षा मोठी आहे. तेरावा परिच्छेद घरात पाळला जात नसेल तर सोळावा पाळणे त्या स्त्रीच्या हाती उरतच नाही. दरम्यान वरच्याच पाहणीत ख्रिस्ती स्त्रियांचा जननदर सरासरी १.८८ इतका उतरलेला आहे. हे सारे केवळ दिनदर्शिकेमुळे झाले असे मानणारा धर्मगुरू आमच्या पाहण्यात नाही. मात्र त्याविषयी बोलणाराही विरळाच.

स्त्रीच्या देहव्यथेचे वर्णन शुभवर्तमानाला वर्ज्य नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री येते. मार्क तिचा आजार, त्याची वर्षे, वैद्यांनी दिलेला त्रास आणि त्यांच्यापायी झालेला खर्च, सारे नोंदवतो. (परंपरेने वैद्य मानलेला लूक तीच हकिगत सांगताना वैद्यांवरचा ठपका बराच सौम्य करतो, व्यवसायबंधूंचा अभिमान म्हणायचा!) ती बरी झाल्यावर येशू तिला गर्दीत तशीच हरवू देत नाही. तो थांबतो, विचारतो, आणि ती सर्वांसमक्ष सगळी खरी गोष्ट सांगते. पाळकाने या विषयाकडे कसे जावे याचा नमुना आम्हांला तेथे मिळतो : आधी थांबणे आणि तिची सगळी हकिगत ऐकणे. १९९५ मध्ये बीजिंगच्या जागतिक परिषदेपूर्वी पोप दुसरे जॉन पॉल यांनी थेट स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले आणि स्त्रियांच्या अवहेलनेत ख्रिस्तसभेच्या अनेकांचा वाटा असल्याबद्दल खेद व्यक्त केला. ऑक्टोबर २०२३ च्या सिनडमध्ये स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला. सहाव्या पॉल यांच्या यादीत जे नाव नव्हते ते पाकिटावर यायला सत्तावीस वर्षे लागली. उत्तरे अजून यायची आहेत.

मराठीत उत्तरे आली, पण ती आमच्या अंगणातून आली नाहीत. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात कोवळ्या पोरींच्या पहिल्या बाळंतपणाची जी वर्णने आहेत, अडाणी हातांची ओढाताण, बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा कण नसणे, ती वाचल्यावर शारदेची पत्रे आणि रोमचे पत्र दोन्ही फार स्वच्छ खोलीत लिहिलेली वाटतात. या बाईंनी आपले लेखन घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले होते.

आणि आमचे ख्रिस्ती मराठी साहित्य? आमच्या कथांतून आठ-नऊ लेकरांची आई येते, पहाटे वाडीला पाणी शिंपते, संध्याकाळी रोझरी म्हणते आणि शेवटच्या पानावर समाधानाने डोळे मिटते. लेकरे तिला देवाच्या देणग्या असतात, आणि त्या आहेतच. पण सातव्या खेपेला दिवस गेले हे कळल्यावर ती विहिरीपाशी किती वेळ उभी होती, हे त्या कथेत नसते. कुमसाराच्या जाळीआड धर्मगुरूला काय सांगायचे, नि सरकारी दवाखान्यात ‘ऑपरेशन’ करून आल्यावर कम्युनियन घ्यायला रांगेत उभे राहायचे की नाही, या विवंचनेत तिने काढलेल्या रविवारांविषयी आम्ही एकही चांगली मराठी कथा वाचलेली नाही. आमच्या लेखिका याहून कितीतरी कमी नाट्यमय विषयांवर सुरेख लिहितात. त्यांना हा विषय सुचत नसेल यावर आमचा विश्वास नाही. लिहून झालेले कागद काहींच्या ट्रंकेत असतीलही. अशी कथा या त्रैमासिकाकडे आली तर ती छापली जाईल की नाही, हे संपादकांनीच सांगावे. छापली गेली तर पुढच्या अंकासाठी निषेधाचे पत्र येईल, आणि त्याखालची सही बहुधा आमच्याच एखाद्या धर्मबंधूची असेल.